थोरा आधी

एब्बामावशीने टेबलावर चौथा कप मांडला आणि तो बशीत नीट बसलाय का, हे एका बोटाने हलवून पाहिलं.

मारेन रुबार्बचा केक कापत होती. तिची सुरी क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू लागली.

"चार कशाला, असं विचारायचंय तुला," मावशी म्हणाली.

"मी काही म्हटलं नाही."

"त्या बाईला दोन कप लागतात. पहिला बोलण्यात गार होतो. दर वेळी."

विबेकेचा कप गार व्हायचा हे खरं होतं. पण म्हणून तिच्यासाठी दुसरा कप आजवर कुणी मांडला नव्हता, आणि हा तर निळ्या किनारीचा होता, मारेनच्या आईचा. मारेनने केकची थाळी त्या कपाच्या शेजारी ठेवली आणि सुरी धुवायला ती नळाकडे वळली.

"आणि तिला फक्त कॉफी मिळणार आहे, एवढं ध्यानात ठेव," मावशी पाठीमागून म्हणाली. "फोनवर सांगितलंय मी. ते दाबणं-बिबणं, उठणं-बसणं, काही नाही. एक मोजा हरवल्यावर दुसरा कुणी पायात घालतं का? त्याने खिडकी पुसायची."

"आधी येऊ तर दे तिला, मावशी."

"येऊ दे ना. केक खाऊ दे. परतीची बोट पकडू दे."

विबेके विद्यापीठाकडून यायची. जुळ्या माणसांवर तिथे वर्षानुवर्षं एक संशोधन चाललं होतं आणि त्यासाठी ती एक जड बॅग घेऊन गावोगाव, बेटाबेटांवर हिंडायची. मारेनची आई थोरा आणि एब्बा एकाच अंड्यातल्या. दिसायला इतक्या सारख्या, की गावातला पाववाला आयुष्यभर दोघींनाही थोराच म्हणत राहिला. अशा दोघी म्हाताऱ्या होताना कुठे सारख्या राहतात आणि कुठे वेगळ्या होतात, हे विद्यापीठाला हवं होतं. एब्बा बारीक चिरूट ओढायची, थोरा नाही. थोराने लग्न केलं, एब्बाने नाही. "आम्ही म्हणजे त्यांना लागलेली लॉटरी," थोरा म्हणायची. "एकीवर प्रयोग, दुसरीला पथ्य."

दोघी सत्तरीत गेल्यापासून विबेके ठरावीक काळाने येत राहिली. शब्द लक्षात ठेवायचे, हात छातीशी बांधून खुर्चीवरून उठायचं, नळीत फुंकायचं. मग फोटो. तो म्हणे तिकडे अनोळखी माणसांना दाखवून वय ओळखायला सांगत. थोरा त्यासाठी खास ओठ रंगवायची. आणि सगळ्यांत शेवटी ते पकड मोजायचं यंत्र: मुठीत धरून दाबायचं, की वरच्या तबकडीवर काटा पळायचा. दोघी त्याला सांडशी म्हणायच्या.

नियम असा होता की जुळ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत तपासायचं. पहिल्याच खेपेला थोराने सांगून टाकलं, "आईच्या पोटात आम्हाला कुणी वेगळी खोली दिली नव्हती." विबेके तेव्हा कामावर नवी होती. ती हसली, आणि मग ते तसंच चालू राहिलं. थोरा आधी, कारण ती अर्ध्या तासाने मोठी. ती दाबायची, एब्बा पुढे वाकून काटा बघायची आणि आकडा जत्रेतल्या माणसासारखा पुकारायची. मग एब्बाची पाळी. थोरा जिंकायची. दर वेळी, थोडक्यात. संध्याकाळी तिकडे आर्हुस शहरात मारेनच्या घरी फोन वाजायचा: "तुझ्या मावशीला पुन्हा लोळवलं!"

या जिंकण्याला घरात इतिहास होता. दोघी शाळेत असताना पोलिओची साथ आली आणि थोराला मुख्य भूमीवरच्या इस्पितळात न्यावं लागलं. ती परत आली तेव्हा बाहेर हिवाळा होता आणि तिचा उजवा हात लुळा होता. त्यांचे वडील जहाजांचे सुतार. त्यांनी दोन रबरी चेंडू आणले, एक थोराला, एक एब्बाला, आणि दोघींना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसवलं. कुणाचा चेंडू जास्त चपटा होतो, ते वडील फूटपट्टीने मोजत. वसंत येईपर्यंत थोरा जिंकू लागली. पुढे ती पोस्टात लागली, आणि निवृत्त होईपर्यंत त्याच हाताने शिक्के मारत राहिली. "धडधाकट बहिणीला हरवलं मी," हे वाक्य मारेनने इतक्यांदा ऐकलं होतं, की भिंतीवरच्या घड्याळासारखं ते तिला ऐकू येईनासं झालं होतं.

आई मार्चमध्ये गेली. आता लायलॅक फुलला होता, आणि मारेन आईची कपाटं रिकामी करायला म्हणून बेटावर येऊन तिच्याच घरात राहत होती. कपाटं अजून भरलेलीच होती. मावशीचं घर समोर, मध्ये फक्त लायलॅकचं कुंपण. दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकमेकींसमोर. सकाळी थोराच्या खिडकीचा पडदा वर जायचा, मग एब्बाच्या. आहे गं बाई मी, एवढंच सांगायचं असे त्यातून. आल्यावर पहिल्याच सकाळी मारेन उशिरा उठली, तर मावशी झोपायच्या झग्यावर कोट चढवून दारात उभी. "पडदा!" एवढंच म्हणाली. तेव्हापासून मारेन उठल्याबरोबर पडदा वर ओढायची आणि लगेच समोरचा वर जायचा. कधी कधी समोरच्या बंद पडद्याच्या कडेने तिला दिव्याची पिवळी रेघ दिसे. मावशी आता दिवा लावून झोपत असेल, असं तिला वाटे.

आणि मारेनकडे एक निरोप होता. इस्पितळात, शेवटच्या बऱ्या दिवसांपैकी एका दुपारी आई म्हणाली होती, "विबेके येईल ना पुढच्या वेळी, तेव्हा एब्बाला म्हणावं, या खेपेला तू आधी दाब."

"एवढंच?"

"एवढंच. पण ती सांडशी समोर आली, की तेव्हा. त्याआधी नाही."

मारेनला त्यात काही अर्थ दिसला नव्हता. तरी तिने तो निरोप जपला होता. आईची बाकीची सगळी वाक्यं पोचती झाली होती, बँकेत, चर्चमध्ये, शेजारच्या घरांत. हे एकच उरलं होतं. सांगितलं की संपलं. मावशीने दाबायलाच नकार दिल्यावर न सांगण्याला सबब मिळाली, आणि त्या सबबीचं मारेनला बरं वाटलं होतं. मग बरं वाटल्याची लाजही वाटली होती.

विबेके आली ती वाऱ्याने विस्कटून, बॅग ओढत. दारातच तिने मावशीला मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही.

"पुरे," मावशी म्हणाली. "बरगड्या माझ्या आहेत, विद्यापीठाच्या नाहीत."

"थोरा म्हणाली असती, बरगड्यासुद्धा विद्यापीठाच्याच."

"म्हणाली असती," मावशी म्हणाली आणि कॉफी ओतायला वळली. चौथा कपही तिने भरला.

विबेके बोटीबद्दल बोलली, तिच्या नातीबद्दल, गुडघ्याबद्दल. तिची कॉफी गार झाली. बॅग दाराशी तशीच बंद पडून होती आणि तिघी तिच्याकडे न बघण्याची काळजी घेत होत्या.

"मी आग्रह करायला आले नाही, एब्बा," विबेके शेवटी म्हणाली. "नाही तर नाही. मी तिकडे तसं सांगेन, आणि तुमची जोडी बंद होईल."

"बंद म्हणजे?"

"म्हणजे आजवरचं राहील. पण त्यापुढे काही नाही. कुणी येणार नाही."

मावशीने खिशातून चिरूट काढला. घरात ती पेटवत नसे. नुसता बोटांत फिरवत राहिली.

"दोघींचं बंद?"

"जोडी आहे ना. दोघींचं."

"म्हणजे मी नाही म्हटलं, की थोराचंही थांबलं."

मावशी निळ्या किनारीच्या कपाकडे बघत होती. त्यातली वाफ केव्हाच विरली होती.

"थोरा आधी," मावशी म्हणाली. "नेहमी थोरा आधी, मग मी. त्यात मी बदल करणार नाही. आता कसं करता ते तुम्ही बघा."

हा काही उपाय नव्हता. हे लावून घेतलेलं दार होतं. मारेन उठली. तिने आईची खुर्ची मागे ओढली आणि त्या कपासमोर बसली.

"मी करते," ती म्हणाली. "आईच्या वतीने. विबेके, माझं काही लिहायचं नाही."

"हे नियमात बसत नाही."

"तुमच्या नियमात वेगळ्या खोल्याही आहेत."

विबेकेने केककडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं आणि बॅग उघडायला वाकली.

तर मग प्रत्येक गोष्ट आधी मारेनने केली. शब्द ती जास्त विसरली, त्यामुळे मावशीचा चेहरा जरा खुलला. मावशीने 'पेला' ऐवजी 'स्नॅप्स', म्हणजे पेल्यातली दारूच, म्हटलं, आणि विबेके म्हणाली की तिच्या घरी हे बरोबर धरलं असतं.

"चिरूट अजून चालू?"

"फक्त घराबाहेर."

"दिवसाला किती?"

"जितका वेळ बाहेर असते तितके."

"मागच्या वेळीही हेच म्हणालात."

"मग लिहायला सोपं."

शेवटी सांडशी आली. मारेनने ती हातात घेतली. लोखंड गार होतं. आईची बोटं याच दांड्यावर वळली असतील, असा विचार तिच्या मनात आला, आणि तिचा हात जोर लावायला तयार होईना. तिने कसंबसं दाबलं. मावशी सवयीने पुढे वाकली.

"सोळा!" तिने पुकारलं. आवाज मध्येच फाटला, पण पुकारलं.

मग तिची पाळी. तिने कोपर अंगाशी घेतलं आणि तबकडीवर डोळे ठेवून दाबलं. काटा सावकाश सरकला आणि थांबला.

"पंधरा," विबेके म्हणाली.

"हरले," मावशी म्हणाली आणि दोन्ही हात वर केले. हेही नेहमीचंच.

"मारेन, असं दाबतात होय?" विबेके म्हणाली. "जोर लाव की जरा. तीन खेपा असतात. थोराने बघितलं असतं तर!"

दुसऱ्या खेपेला मारेनने जोर लावला. दांड्याचे वळ तिच्या बोटांवर उठले.

"एकवीस!" मावशीने पुकारलं, या वेळी खणखणीत. मग तिने दाबलं. काटा पंधरावरून पुढे गेला, सोळावरून, अठरावरून, आणि वीसवर येऊन उभा राहिला.

"हरले."

"अहो, पण वाढला की!" विबेके खूश झाली. "हात गरम झाला तुमचा."

मारेन काट्याकडे बघतच नव्हती. ती मावशीच्या हाताकडे बघत होती. त्या मुठीची हाडं पांढरी पडली नव्हती. मनगट सैल होतं. कपाच्या काठापर्यंत कॉफी ओतणारं माणूस जसं बघतं, तशी मावशी तबकडीकडे बघत होती. एक थेंबही वर जाऊ नये म्हणून.

मारेनने वळ उठलेली बोटं मिटली. समोरच्या खिडकीतून आईच्या घराची खिडकी दिसत होती, आणि का कोण जाणे, तिला ती दिव्याची पिवळी रेघ आठवली. कितीतरी सकाळी पडदा ओढण्याआधीच कुंपणावरून चिरुटाचा वास यायचा, तेही आठवलं.

"मावशी," ती म्हणाली, "आईचा निरोप आहे."

मावशीचा हात टेबलावर होता तिथेच राहिला.

"म्हणाली, विबेके आली की एब्बाला सांग, या खेपेला तू आधी दाब."

बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र चाललं होतं. ते बंद पडलं आणि पुन्हा सुरू झालं.

"कधी म्हणाली?"

"इस्पितळात."

"शुद्धीत होती?"

"तुझ्याइतकी."

"हेच शब्द? आधी दाब?"

"हेच."

"रागावून म्हणाली की हसून?"

मारेनला घाई करायची नव्हती. ती दुपार तिने पुन्हा नीट आठवून पाहिली: उशी, खिडकी, पांघरुणावर पडलेला तो उजवा हात.

"हसून," ती म्हणाली. "तोंडाने नाही. पण हसून."

मावशी निळ्या किनारीच्या कपाकडे वळली.

"लबाड," ती त्याला म्हणाली. "लबाड बाई." आणि मग मारेनला: "आणि तुला फोन करायची ना? लोळवलं म्हणून?"

"दर वेळी."

"दर वेळी!" मावशी हसली. हसता हसता तिने मुठीतल्या चिरुटासकट हाताच्या पाठीने डोळे पुसले आणि गालावर तंबाखूचे कण लागले.

विबेके एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. "माझं काही चुकतंय का?"

"तुझं काही नाही. तिसरी खेप उरलीय ना? आण ती सांडशी इकडे."

या खेपेला मावशीने तबकडीकडे पाहिलं नाही. खिडकीतून समोरच्या घराकडे बघत तिने दाबलं. मुठीची हाडं पांढरी झाली, मानेची शीर उठली, हनुवटी थरथरली. पुकारायचं काम आता आपलं आहे, हे मारेनला जरा उशिरा कळलं. ती पुढे वाकली.

"सव्वीस!" तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

विबेकेने यंत्र घेतलं, त्यावर नखाने टकटक केली, काटा शून्यावर आणला. "बिघडलं वाटतं. या वयात असं एकदम..."

"बिघडलेलं नाही."

"पण मग मागचे सगळे..." विबेके थांबली. तिने त्या टेबलाकडे पाहिलं, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ ओढलेल्या दोन खुर्च्यांकडे पाहिलं, आणि हातातलं पेन हळूच खाली ठेवलं.

"एब्बा. कधीपासून?"

"चेंडूपासून."

"अरे देवा! आणि आम्ही तिकडे..."

"थोराचे आकडे खरे आहेत," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात आता थट्टा नव्हती. "एकूण एक. त्यावर कुणी शंका घ्यायची नाही. ते तिने कमावलेत."

"आणि तुमचे?"

"माझे तिच्याकडे बघून आहेत."

विबेकेने समोरचा कप उचलला आणि गार कॉफी एका दमात पिऊन टाकली. "मला हे तिकडे सांगावं लागेल. मला बोल लावतील ते, लावायलाच हवेत. म्हणून तर वेगळ्या खोल्या असतात."

"वेगळ्या खोलीतून बाहेर आल्यावर तिने विचारलं असतं, किती आला तुझा? मग मी खोटं बोलले असते. हे बरं नाही का?"

"मला आता काहीच कळत नाही, काय बरं आणि काय नाही."

"सांग त्यांना, खुशाल सांग. आता वाईट वाटून घ्यायला कुणी उरलं नाही." मावशीने केकचा एक मोठा तुकडा कागदात बांधला आणि विबेकेच्या बॅगेत, सांडशीच्या शेजारी ठेवला. "आणि पुढच्या वेळी लवकरच्या बोटीने ये. धावपळीत खाल्लेलं अंगी लागत नाही."

"पुढच्या वेळी," विबेके म्हणाली. तिने पेन पुन्हा उचललं आणि सव्वीस लिहिलं.

ती गेल्यावर दोघींनी कप धुतले. निळ्या किनारीचा मावशीने स्वतः पुसला. जाताना मारेनने तिच्या गालावरचे तंबाखूचे कण अंगठ्याने पुसले, आणि मावशीने ते पुसू दिले.

दुसऱ्या दिवशी मारेनला नेहमीच्या धाकाने जाग आली. अनवाणीच ती स्वयंपाकघरात गेली आणि पडद्याची दोरी ओढली.

समोरचा पडदा आधीच वर होता. खिडकीशी टेबल, टेबलावर दिवा, आणि मावशी केस विंचरून, निळ्या किनारीच्या कपातून कॉफी पीत बसलेली. अशी ती किती वेळ बसली असेल, ते तिचं तिलाच ठाऊक. मारेन दिसताच तिने कप खाली ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

मारेनने खिडकीत उभं राहून दोन्ही हात वर केले.